अर्ध्या अंशाची मारामारी

रेसट्रॅकसाठी तयार केलेली जुनी माझदा मियाटा समोरून पाहिली, तर ती पाय फाकवून उभी दिसते. पाहुण्याला वाटते, गाडीला अपघात झाला. मालकाला वाटते, आता कुठे ती सरळ झाली!

1989 साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात अवतरलेली ही दोन सीटांची गाडी अमेरिकेतले हौशी चालक अजून सोडायला तयार नाहीत. एक कारण तिच्या पोटाखाली आहे. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आणि त्याच्या मुळाशी कॅमचे बोल्ट. ते फिरवले की पुढच्या चाकांचा कॅम्बर (चाकाचा उभा झुकाव) आणि कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल), तर मागच्यांचा कॅम्बर आणि टो (चाकाच्या तोंडाची दिशा) बदलतो. अर्थात, फिरले तर! हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांत हे बोल्ट बुशच्या पोलादी नळीशी गंजाने लग्न लावून बसतात. मग चाकांच्या अलाइनमेंटचा मुहूर्त करवतीने करावा लागतो.

वळणावर गाडी कलते आणि टायरची बाहेरची कड सगळा भार सोसते. म्हणून चाक आधीच वरून अडीच-तीन अंश आत झुकवून ठेवायचे. भर वळणात ते रस्त्यावर सपाट टेकते. पुढच्या चाकांची तोंडे किंचित बाहेर वळवली की गाडी वळणात चटकन शिरते. मागच्यांची मात्र किंचित आत, नाहीतर ब्रेक दाबताच शेपटाला पुढे जायची घाई होते.

कॅम्बर हलवला की टो बिघडतो, म्हणून टो शेवटी. मशीन नसलेला मालक गाडीच्या दोन्ही अंगांना दोरी ताणतो आणि गवंड्यासारखा एक डोळा मिटून रिमच्या कडा मोजतो. अर्धा मिलिमीटर कुठे गेला, या शोधात संध्याकाळ सरते.

गाडी जेमतेम हजार किलोंची, त्यामुळे चालकाचे वजनही हिशेबात येते. सीटवर तेवढ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवतात. मालक ‘70 किलो’ सांगतो. बायको विचारते, ‘कोणत्या सालचे?’ आणखी एक पिशवी येते.

ट्रॅकवर सगळे सुरेख. घरी जाताना मात्र हीच गाडी महामार्गावरच्या प्रत्येक चरीमागे धावते आणि टायरची आतली कड भराभर झिजते. त्यात मोठा वाटा टोचा. म्हणून शहाणे लोक पुढचा टो ठरवणाऱ्या टाय-रॉडवर रंगाची खूण करून ठेवतात आणि निघण्याआधी टो सरळ करून घेतात. बाकीचे स्टीअरिंग दोन्ही हातांनी आवळून सांगतात, ‘गाडी कशी बोलते बघ!’ शेजारच्या सीटवरूनही बोलणे चालू असते, नव्या टायरांच्या किमतीबद्दल.