तासाला अडतीसशे रुपयांची झोप

एडिसन, न्यू जर्सी

ती. नाना व सौ. आईस,


नाना, तुम्ही पाठवलेली जाहिरात मिळाली. 'पॉइंट्स विकत घ्या, तेवढेच वर फुकट मिळवा आणि बिझनेस क्लासने निम्म्या खर्चात अमेरिका गाठा.' खाली तुमचा प्रश्न दोन शब्दांचा: "घेऊ का?" उत्तर एका शब्दात देता आलं असतं, पण तुम्ही ते मानलं नसतं. ज्याचं आयुष्य मार्केट यार्डात गेलं, त्याला भाव का चढला आणि का पडला हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून हे लांबलचक पत्र. आईला वाचून दाखवा. बॅगांचा मजकूर शेवटाकडे आहे, तोवर तिला उठू देऊ नका.

आधी हा माल कुठे पिकतो ते बघा. अमेरिकन एअरलाइन्सने 1 मे 1981 ला आपली मैलांची (म्हणजेच पॉइंट्सची) योजना सुरू केली, तेव्हा हिशोब सरळ होता: जितकं उडाल तितके मैल, आणि पुरेसे साठले की एक फेरी फुकट. पुढे कंपन्यांच्या लक्षात आलं की मैल मिळवण्यासाठी माणसाने उडायलाच हवं असं काही नाही. ते बँकांना विकता येतात, बँका ते क्रेडिट कार्डावर वाटतात, आणि ज्याला धीर नाही त्याला थेट विकता येतात. 2020 साली कोविडमध्ये विमानं जमिनीवर उभी होती, तेव्हा युनायटेडने आपली मैलांची योजना तारण ठेवून कर्ज उभारलं. त्या योजनेची किंमत त्यांनी सुमारे 22 अब्ज डॉलर सांगितली. शेअर बाजारात अख्ख्या कंपनीची किंमत त्या वेळी तेवढी नव्हती! म्हणजे विमानं, पायलट, इंजिनं हे सगळं एका बाजूला आणि कॉम्प्युटरवर छापलेले आकडे दुसऱ्या बाजूला, तरी पारडं आकड्यांचं जड. ज्या मालाला ना शेत लागतं, ना पाऊस, ना हमाल, तो विकणारा 'एकावर एक फुकट' म्हणतो तेव्हा त्याच्या खिशातून फारसं काही जात नाही. आणि ही 'शेवटची संधी' थोड्या महिन्यांनी परत येतेच.

आता तुमच्या धंद्यातलं घ्या. ओली लाल मिरची यार्डात येते, तुम्ही बोली लावता, ती पथारीवर पसरता आणि सुकून तिचं वजन किती उतरणार याचा अंदाज मनात धरूनच भाव देता. ही घट व्यापाऱ्याला ठाऊक असते, म्हणून धंदा चालतो. पॉइंट्सनाही घट आहे, फक्त ती उन्हाने होत नाही, विकणाराच करतो, आणि तीही तुम्ही माल उचलल्यानंतर. कोणत्या प्रवासाला किती मैल लागतील याचा छापील तक्ता पूर्वी असायचा. डेल्टाने तो 2015 साली काढून टाकला, युनायटेडने 2019 मध्ये. आता भाव रोजच्या रोज ते ठरवतील तो. आज नव्वद हजार पॉइंट्सला दिसणारी सीट पुढच्या वर्षी सव्वा लाखाला दिसली, तर तक्रार कुठे करणार? गिन्सबर्ग नावाच्या एका धर्मगुरूंनी वेगळ्या कारणाने ती करून पाहिली. ते फार तक्रारी करतात, म्हणून नॉर्थवेस्ट कंपनीने त्यांचं सभासदत्व काढून घेतलं. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2014 मध्ये न्यायाधीशांनी एकमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे किंगफिशर 2012 मध्ये बसली, तिचे पॉइंट्स तिच्याबरोबर गेले. जेट 17 एप्रिल 2019 ला थांबली. तिचे मैल दुसऱ्या नावाने जगले, पण ज्या विमानात बसायचं तेच उरलं नाही. तेव्हा पॉइंट्स गोदामात भरून ठेवायचा माल नव्हे, एवढं माझं पक्कं मत आहे.

तुम्ही म्हणाल, साठा कोण करतोय, आम्हाला तर लगेच यायचंय, आणि निम्म्या भावात मिळत असेल तर वाईट काय? हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून कागदावर उतरवू. आकडे हिशोबापुरते धरलेत. एका बाजूच्या बिझनेस तिकिटाला 90 हजार पॉइंट्स, सवलतीत पॉइंटला दीड सेंट, म्हणजे 1,350 डॉलर. दोघांचं जाऊन-येऊन 5,400 डॉलर. डॉलर 90 रुपयांचा धरला तर 4 लाख 86 हजार. कर वेगळे, आणि भारतातल्या कार्डाने डॉलरमध्ये पैसे भरले तर बँकेची परकीय चलनाची कात्री वेगळी. जाहिरात म्हणते, हेच तिकीट रोखीने आठ लाखांना पडलं असतं, तुमचे तीन लाखांवर वाचले. पण नाना, आठ लाखांचं तिकीट तुम्ही कधी काढलं असतं का? जे घेणारच नव्हतो त्याच्या भावाशी तुलना करून 'वाचले' म्हणणं ही वहीतली लबाडी आहे. आपण इकॉनॉमीचं काढलं असतं, दोघांचं दोन लाख चाळीस हजारात. म्हणजे जास्तीचे 2 लाख 46 हजार. ते चार प्रवासांत वाटले तर एकाला साडेएकसष्ट हजार, आणि मुंबई ते न्यूअर्क थेट विमानाचे सोळा तास धरले तर तासाला अडतीसशे रुपयांच्या वर. एवढ्याने मिळतं काय? मुख्यतः आडवं होता येतं. पथारीवर मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईला तेवढे पैसे हातात यायला कित्येक दिवस लागतात. आणि नंदुरबारहून मुंबईला येताना रात्रीच्या गाडीत आडवं व्हायला काही शे रुपयांचा स्लीपरचा बर्थ पुरतो, मार्च 2020 पासून ज्येष्ठांची सवलत बंद असली तरी. त्या बर्थवर पाय पसरल्याचा फोटो कुणी टाकत नाही, एवढाच काय तो फरक.

मग जी माणसं फुकट उडतात ती कशी? ती बहुतेक पॉइंट्स विकत घेत नाहीत, रोजच्या खर्चावर कार्डातून मिळवतात. कार्डाशिवाय मैल मिळवणारा एक गाजलेला व्यापारी म्हणजे कॅलिफोर्नियातला डेव्हिड फिलिप्स नावाचा इंजिनिअर. 1999 मध्ये एका खाद्यकंपनीने पाकिटांवरच्या लेबलांच्या बदल्यात मैल देऊ केले. याने हिशोब केला आणि पंचवीस सेंटला एक अशी पुडिंगची 12,150 पाकिटं उचलली. लेबलं सोलायला सेवाभावी संस्थेचे स्वयंसेवक लावले, मोबदल्यात पुडिंग त्यांनाच दान केलं, वर दानाची करसवलतही घेतली! साधारण 3,140 डॉलरमध्ये साडेबारा लाख मैल, म्हणजे मैलाला पाव सेंट. तुमच्या जाहिरातीतला भाव त्याच्या सहापट आहे. नफा खरेदीतच असतो हे तुम्हाला मी काय सांगावं.

राहिला आईच्या गुडघ्यांचा मुद्दा, आणि इथे मी हट्ट धरणार नाही. सोळा तास पाय दुमडून बसणं साठीपुढच्या माणसाला खरंच जड जातं, आणि पैसे राखून गुडघे घालवण्यात शहाणपण नाही. पण त्यासाठी चारही तिकिटं बिझनेसची कशाला? पॉइंट्सवरचं तिकीट एका बाजूचंही निघतं. रात्री निघणारा मुंबईहून इकडचा प्रवास आडवा करा, परतीचा आखातात किंवा युरोपात एक मुक्काम घेऊन इकॉनॉमीने. व्हीलचेअर विमानतळावर मागितली की मिळते, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. शिवाय पॉइंट्सच्या तिकिटाची एक जमेची बाजू कबूल करायलाच हवी: बऱ्याच योजनांत ते रद्द केलं तर पॉइंट्स थोड्या फीवर किंवा फुकटात परत जमा होतात, स्वस्तातलं इकॉनॉमीचं तिकीट मात्र रद्द केलं की गेलंच. तेव्हा माझी अट एवढीच. आधी आमच्या कार्डावर साठलेले पॉइंट्स वापरायचे. मग ठरलेल्या तारखेला दोन सीट स्क्रीनवर दिसल्या, विमान कंपनीला फोन करून त्या खऱ्याच आहेत ही खात्री झाली (कधीकधी दिसणारी सीट प्रत्यक्षात नसतेच), तरच कमी पडणारे पॉइंट्स विकत घ्यायचे आणि त्याच बैठकीत तिकीट काढायचं. एकदा घेतलेले पॉइंट्स परत होत नाहीत, दुसऱ्याला विकायलाही बंदी आहे. विकलेत तर खातंच बंद करतात.

आई, आता तुझा मजकूर. बिझनेस क्लासला सहसा 32 किलोच्या दोन बॅगा मिळतात, इकॉनॉमीला 23 किलोच्या, हे तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. माणशी अठरा किलो जास्त, म्हणजे बिबडे, कळण्याचं पीठ आणि मसाला मिळून दोघांचे छत्तीस किलो, असा तुझा हिशोब असणार. त्या जास्तीच्या किलोंचा भाव साडेएकसष्ट हजारांतून काढून बघ. त्यापेक्षा पार्सल स्वस्त पडेल, आणि नानांना सरकत्या पट्ट्यावरून बत्तीस किलो उचलावं लागणार नाही.

खरी अडचण तारखांची आहे. पॉइंट्सवरच्या सीट सुट्यांचा मोसम सरल्यावर, जानेवारी अखेर ते मार्चमध्ये जरा मोकळ्या असतात, आणि तेव्हा नानांची पथारी भरलेली. नाना मे महिन्यात मोकळे, तर तेव्हा निम्म्या महाराष्ट्राचे आईवडील पोरांकडे निघालेले असतात आणि सीट शोधून सापडत नाही. मला वाटतं, काठी गावची होळी बघून घ्या आणि त्या आठवड्याच्या आसपास निघा. तोवर ओल्या मालाची आवक उतरलेली असेल. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं असलं, तरी या प्रवासाला पासपोर्टच लागतो आणि तिकिटावरचं नाव त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. तेव्हा दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा स्वच्छ फोटो पाठवा, आणि पथारीवरून कोणत्या तारखेपासून हलता येईल ते दिवाणजींना विचारून कळवा.

आपला,
धाकटा

ता. क. जाहिरातीच्या लिंकवर बोट लावू नका. ती आणखी कुणाला पुढे पाठवली असेल तर त्यांना आजच फोन करा.