बैसाभाऊ

दिवाळी दोन महिन्यांवर आली की मस्कतमधल्या मराठी माणसाला दोन गोष्टींची धडकी भरते. एक, विमानाचं तिकीट. दुसरी, भेटवस्तूंची यादी. रुवीतल्या आमच्या इमारतीत या दिवसांत एकच गृहस्थ शांत झोपतो. तो म्हणजे बैसाभाऊ.

नाव अर्थातच आम्ही ठेवलेलं. एका ओमानी रियालात 1000 बैसे असतात आणि भाऊ त्यातल्या प्रत्येकाला नावानिशी ओळखतात. एका रियालाचे दोनशेच्या वर रुपये होतात, त्यामुळे दुकानात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत ते ओठांतल्या ओठांत गुणाकार करत असतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, माणूस मोठा भाविक आहे, जप करतोय. 1970पर्यंत ओमानात आपल्या रिझर्व बँकेने काढलेला आखाती रुपया चालायचा. तो गेल्याचं दुःख भाऊंइतकं कोणालाच झालेलं नाही.

त्यांचा पहिला नियम असा, की ‘येताना काय आणू?’ हे कोणालाही विचारायचं नाही, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. एकदा आतेभावाला त्यांनी सहज विचारलं. तो म्हणाला, “फोन आण, पैसे देतो.” फोन पोचला. पैसे अजून ‘देतो’पाशीच आहेत.

दुसरा नियम वहीचा. तिला तीन रकाने आहेत: कोणाला, मागच्या खेपेस काय दिलं, आणि त्याचं पुढे काय झालं. तिसऱ्या रकान्यासाठी भाऊ गावी गेल्यावर घरोघर चहा पितात आणि पिता पिता नजर फिरवतात. नोंदी मी स्वतः वाचल्या आहेत. ‘मोठे काका, अत्तर. शोकेसमध्ये, सील शाबूत.’ ‘धाकटी मावशी, डिनर सेट. माळ्यावर. पुन्हा काचेचं काही नाही.’ ‘शेजारच्या आजी, टायगर बाम. संपला. रिकामी बाटली दाखवून दुसरी मागितली.’ ही शेवटची नोंद लाल शाईने अधोरेखित केलेली आहे, कारण भाऊंच्या हिशेबात सगळ्यांत कमी पैशात मिळालेलं ते सगळ्यांत मोठं यश.

तिसरा नियम वजनाचा. “तिकिटावर 30 किलो दिलेत. किलोमागे किती माणसं खूश होतात ते बघायचं,” असं ते म्हणतात. या परीक्षेत दुधाच्या पावडरीचा डबा नापास झाला, खजूर काठावर पास झाला. त्यांचं म्हणणं, पूर्वीची गोष्ट वेगळी होती. आखातातून कोणी टू-इन-वन आणला तर आख्खी आळी बघायला यायची. आता पिस्ते, चॉकलेटं, परदेशी साबण सगळं चिपळूणच्या बाजारात मिळतं. इथून पाठ मोडून न्यायचं, आणि तिथे ऐकायचं काय, तर “अय्या, हे आमच्याकडे स्वस्त आहे!” तेव्हा जे ओमानचंच आहे तेवढंच न्यावं.

म्हणून एका शुक्रवारी संध्याकाळी भाऊ मत्राच्या सूकमध्ये जातात आणि लुबान घेतात. लुबान म्हणजे धोफारकडच्या झाडांना चिरा देऊन काढलेला, धुपासारखा जाळायचा डिंक. पोत्यांत लालसर, पिवळट, पांढुरके खडे मांडलेले असतात. हिरवट झाक असलेला होजारी सगळ्यांत महाग. दुकानदार भाऊंना ओळखतो, त्यामुळे तो आधीच उसासा टाकतो. भाऊ होजारीचा वास घेतात, मान डोलावतात आणि त्याच्या खालचा माल घेतात. “जाळल्यावर रंग कोण बघतंय?” अर्धा किलो तोलून झाला की त्याच्या पन्नास-पन्नास ग्रॅमच्या पुड्या बांधून मागतात. “लास्ट प्राइस, भाई!” असं दुकानदार तीनदा बजावतो, आणि तिसऱ्यांदा बजावताना किंमत पहिल्यापेक्षा कमी असते. दहा घरं एका खेपेत सुटली. आज्या देवापुढे जाळतात, सुना डासांवर जाळतात, नाराज कोणीच होत नाही.

उंची अत्तर मात्र ते घेत नाहीत. अमुआज हे ओमानचंच, 1983पासूनचं नाव. मॉलमधल्या त्यांच्या दुकानात भाऊ दिवाळीपूर्वी एकदा जातात, मनगटावर एक फवारा मारून घेतात, “विचार करून सांगतो” म्हणतात आणि दोन दिवस ऑफिसात हात हलवत फिरतात.

या व्यवस्थेत एकच छिद्र आहे, ते म्हणजे वहिनी. निघायच्या आदल्या रात्री भाऊ प्रत्येक बॅग हुकाच्या काट्याला लावून ग्रॅमपर्यंत तोलतात. वहिनींच्या हातातली बॅग तेवढी तोलत नाहीत. तिच्यात वहीत नाव नसलेल्यांसाठी ओमानी हलवा असतो, नणंदेच्या मुलींसाठी कानातली असतात, आणि त्या आतेभावासाठीसुद्धा काहीतरी असतं. संसारात एक बॅग न तोललेली बरी, एवढं भाऊंना कळतं.

आम्ही भाऊंना हसतो खरे. पण आदल्या रात्री मॉल बंद होता होता ट्रॉली भरणारे आम्हीच, आणि परतल्यावर मार्चपर्यंत क्रेडिट कार्ड फेडणारेही आम्हीच. भाऊंच्या डोक्यावर बैशाचंही कर्ज नसतं, आणि गावात त्यांना चिक्कू म्हणणारं कोणी मला भेटलेलं नाही. यंदा घरी जाणाऱ्यांनी बाकीचं काही नाही तरी तो तिसरा रकाना सुरू करावा. चांगली दोनशे पानी वही रुवीत अर्ध्या रियालाच्या आत मिळते. भाऊंच्या मते तीही महागच आहे.