डबल क्लिक करा, बस्स

कापूस खरेदीचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम मी लिहिला, यात काही गैर होतं असं मला आजही वाटत नाही. गणिताचा मास्तर, मे महिन्याची सुट्टी आणि बाहेर आमच्या कोरपन्याचं ऊन. अशा वेळी माणूस एक तर झोपतो, नाही तर पायथन शिकतो. मी झोपायला हवं होतं, असं घरच्यांचं मत आहे.

प्रोग्राम मात्र देखणा झाला. कास्तकाराचं नाव, गाडीचं भरलेलं वजन, रिकामं वजन, भाव, हमाली, आधी घेतलेली उचल. शेवटी हातात पडणारी रक्कम अंकी आणि अक्षरी. सगळं मराठीत. घरी आलेल्या पाहुण्याला मी चहाच्या आधी पावती काढून दाखवत असे. एक व्यापारी, माझाच जुना विद्यार्थी, म्हणाला, "सर, मले द्या ना जी हे." मी उदार मनाने म्हणालो, "पेन ड्राइव्हवर देतो. डबल क्लिक करा, बस्स."

माझा प्रोग्राम माझ्याच लॅपटॉपवर का पळत होता, याचा विचार मी तोवर केलाच नव्हता. तिथे पायथन होतं, त्याच्या लायब्ऱ्या होत्या, फॉन्ट होता. दुसऱ्याकडे यातलं काहीच नसणार. त्यावर उपाय म्हणजे पायइन्स्टॉलर नावाचं साधन. ते प्रोग्रामला जे जे लागतं ते सगळं एका फाइलमध्ये कोंबून देतं. एका माणसाचा डबा पोचवायला अख्खं स्वयंपाकघर डोक्यावर घेऊन निघावं, तसा तो प्रकार. पण यात मी एकटा नाही. गिटहबने 2013 साली ॲटम या एडिटरसाठी जे इलेक्ट्रॉन तयार केलं, त्यात प्रत्येक प्रोग्राममागे आख्खा क्रोमियम ब्राउझर जातो. नुसतं 'नमस्कार' दाखवायचं म्हटलं तरी शंभर एमबीच्या वर. ॲटम 2022 च्या डिसेंबरात बंद झाला, पण त्याची पद्धत व्हीएस कोड, स्लॅक अशा घरांतून सुखाने नांदते आहे.

तर दुकानात गेलो. हंगाम सुरू झालेला. बाहेर कापसाच्या गाड्या, आत गादीवर पैशाची वाट पाहणारे कास्तकार. त्यातले निम्मे माझ्या विद्यार्थ्यांचे बाप. मी पेन ड्राइव्ह लावला, आजूबाजूला एकदा पाहून घेतलं आणि डबल क्लिक केलं. पडदाभर निळी पाटी आली: विंडोजने तुमच्या पीसीचं रक्षण केलं आहे. कशापासून, तर माझ्यापासून. खाली 'डोन्ट रन' असं एकच ठसठशीत बटण. वर एक बारीक, अधोरेखित 'मोअर इन्फो'. त्यावर क्लिक केलं, की मगच 'रन एनीवे' उगवतं आणि सोबत लिहून येतं, 'पब्लिशर: अननोन'. कोरपन्यात मला न ओळखणारा हा पहिलाच. बसस्टँडवरचा पानवालासुद्धा माझं नाव आणि उधारी दोन्ही सांगतो.

"काहून जी सर, व्हायरस हाये का हे?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

मी समजावू लागलो. विंडोजचा स्मार्टस्क्रीन फाइलची पत पाहतो. ती किती जणांनी उतरवली, कोणाची सही आहे, यावरून तो ठरवतो. नव्या फाइलला पत नसते. पत यायला लोकांनी ती चालवावी लागते आणि ही पाटी पाहून लोक ती चालवत नाहीत. सही हवी तर कोड सायनिंगचं प्रमाणपत्र दरसाल पैसे मोजून घ्यायचं. जून 2023 पासून त्याची किल्ली वेगळ्या टोकनमध्ये ठेवणंही बंधनकारक झालं. आणि माझ्या प्रोग्रामची किंमत शून्य रुपये. म्हातारा शांतपणे ऐकून म्हणाला, "म्हणजे पोलीस क्लिअरन्स नाई ना तुमच्याकडं."

'रन एनीवे' दाबेपर्यंत अँटीव्हायरसने फाइल उचलून कुठेतरी कोंडली होती. पायइन्स्टॉलरने बांधलेल्या फायलींवर त्याचा असा संशय वरचेवर असतो, कारण व्हायरसवालेही हेच गाठोडं वापरतात.

दुसरं ठिकाण कृषी केंद्र. तिथल्या काउंटरवर विंडोज सेव्हन होतं. त्याचा आधार 14 जानेवारी 2020 ला संपला, पण खताच्या पोत्यांना त्याची खबर नव्हती. तिथे 'api-ms' ने सुरू होणारी कुठलीशी लांबलचक डीएलएल फाइल सापडत नाही, असा निरोप आला. पायथन 3.9 पासून विंडोज सेव्हनवर चालत नाही, ही माहिती मला त्या काउंटरवर उभ्या उभ्या मिळाली.

तिसऱ्या ठिकाणी सगळं ठीक होतं. विंडोज नवं, अँटीव्हायरस निजलेला. तरी प्रोग्राम उघडायचा आणि मिटायचा. घाम फुटला. मालकाने हौसेने विंडोजमध्ये स्वतःचं नाव देवनागरीत घातलं होतं. त्याच नावाचं फोल्डर झालं, प्रोग्राम आपलं गाठोडं त्यातच सोडायला गेला आणि मी वापरलेल्या एका जुन्या लायब्ररीला तो पत्ता वाचता येईना. पहिल्या पानावर मी 'अस्सल मराठी सॉफ्टवेअर' असं मोठ्या अक्षरात छापलं होतं. मालकाने ते मोठ्याने वाचलं.

यानंतर शहाण्या माणसाने थांबावं. मला आवारपूरकडच्या एका इंजिनिअरने विचारलं, मॅकवर चालेल का? मी "का नाही?" म्हणालो. मॅकवर 2012 पासून गेटकीपर बसलेला आहे. माझी फाइल खराब आहे, कचऱ्यात टाका, एवढंच तो बोलला. ॲपलकडे नाव नोंदवायला वर्षाला 99 डॉलर लागतात. त्या पैशात मी खराबच बरा. लिनक्सवाल्या मित्राने डेब देऊ की आरपीएम, स्नॅप की फ्लॅटपॅक, ॲपइमेज का नाही, असं विचारून मला निरुत्तर केलं. सन कंपनीने 1995 मध्ये जावा आणली तेव्हा 'एकदा लिहा, कुठेही चालवा' अशी घोषणा दिली होती. प्रोग्रामरांनी लगेच तिचं 'एकदा लिहा, जागोजागी निस्तरा' करून टाकलं. त्यांच्यातला कोणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन हिंडलेला असणार.

आता तो प्रोग्राम तालुक्यात बऱ्याच दुकानांत चालतो. मी काही केलेलं नाही. आमच्या इथल्या सेतू केंद्रातल्या पोराने माझ्याकडून फाइल नेली. तो डी ड्राइव्हवर इंग्रजीत 'सर' नावाचं फोल्डर करतो, अँटीव्हायरसला त्या फोल्डरकडे कानाडोळा करायला सांगतो, जुन्या मशीनसाठी त्याने माझ्याच कोडची पायथन 3.8 वरची वेगळी फाइल करून घेतली आहे आणि डेस्कटॉपवर कापसाच्या बोंडाचं चित्र लावून देतो. बसवण्याचे दीडशे रुपये. ग्राहक मला नाही, त्याला फोन करतात. मी नवा लॅपटॉप घेतला तेव्हा निळी पाटी पाहून माझाही हात 'डोन्ट रन'वर गेला; शेवटी त्यालाच बोलावलं. मास्तर म्हणून शंभरच घेतले.

पावतीत जीएसटीचा रकाना घालून नवी आवृत्ती काढायचं मी त्याच्या कानावर घातलं. तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "काढा ना जी सर, पण दिवाळीच्या नंतर नका काढू. हंगामात मले टाइम नाई रायत."