मुळाबरहुकूम

छापखान्यातील शाईचा आणि रॉकेलचा संमिश्र दर्प ओलांडून, जुळाऱ्यांच्या खिळ्यांच्या खणांपलीकडे, जेथे उजेड सर्वांत कमी असेल अशाच कोपऱ्यात, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि कानावर तांबडी पेन्सिल धारण करून जे गृहस्थ बसलेले आढळत, त्यांस मुद्रितशोधक म्हणत. त्यांनी धरलेल्या हजारो चुका कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत आणि निसटलेली एक मात्र लेखकाच्या मेहुण्यापर्यंत सर्वांना दिसते, हा या पेशाचा मूळ शाप होय.

या गृहस्थांचा धर्म एकच : मुळाबरहुकूम. समोर बसलेला पोऱ्या हस्तलिखित एकसुरी आवाजात वाची, ‘तिने डोळे पुसले पूर्णविराम नवा परिच्छेद अवतरण सुरू नाथ स्वल्पविराम मी निघाले’, आणि हे ओल्या गॅलीवरून बोट फिरवीत जात. नायिका विहिरीत उडी घेते त्या ठिकाणी, मजकूर जुळवताना जुळाऱ्याचेही डोळे पाणावले होते म्हणतात. यांना विवंचना एवढीच, की ‘विहीर’ची दुसरी वेलांटी ‘विहिरीत’मध्ये नियमाप्रमाणे ऱ्हस्व झाली की नाही. झाली असल्यास बाई खुशाल बुडाव्यात! १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम शासनाने मान्य केले आणि अनुच्चारित अनुस्वार हद्दपार झाले, तेव्हा जे अनुस्वार त्यांनी उमेदीची सारी वर्षे पोटच्या पोरांसारखे सांभाळले होते, तेच त्यांना स्वहस्ते एकेक करून उडवावे लागले. हुकूम तो हुकूम.

एका कादंबरीत तिसऱ्या प्रकरणी दिवंगत झालेले आजोबा नवव्या प्रकरणात ओसरीवर बसून बशीतून चहा पीत असल्याचे मी त्यांच्या नजरेस आणून दिले. त्यांनी ते पान पुन्हा निरखून वाचले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘बशी बरोबर आहे, चहा बरोबर आहे. आजोबा आमच्या अखत्यारातले नव्हेत.’’

आणि ते खरेच होते. आजोबांची तजवीज करणारा पुरुष निराळा. तो संपादक, आणि त्याचा अंमल खिळा उचलण्यापूर्वीच संपत असे. पुनरुक्ती छाटणे, विसंगती हेरणे, लेखकाला बोलावून ‘‘येथे आपणांस नेमके काय म्हणायचे आहे?’’ असा जीवघेणा प्रश्न विचारणे हे त्याचे काम. गिरगावातल्या खटाववाडीत ‘सत्यकथा’ मासिकाच्या श्री. पु. भागवतांनी आणि राम पटवर्धनांनी या कामाला व्रताचे स्वरूप दिले. तेथून कथा पुनर्लेखनासाठी परत आली, तर लेखक दुखावला जाई खरा, पण चारचौघांत ती गोष्ट सांगेही. संपादक आणि मुद्रितशोधक यांच्यामधली ही हद्द कोणी हौसेने आखलेली नव्हे. सोळा पानी फर्मा बांधून झाल्यावर लेखकाला एक ओळ वाढवण्याची स्फूर्ती झाली, की पुढच्या पानापानावरून शिशाच्या ओळी सरकवाव्या लागत, आणि त्या मजुरीचा आकडा पाहून प्रकाशकाची वाङ्मयाभिरुची तत्काळ मंदावत असे.

खरा अनर्थ होतो तो खर्च वाचवण्याच्या मिषाने प्रकाशक दोन्ही कामे एकाच माणसाच्या गळ्यात बांधतो तेव्हा. मग एरवी वेलांटीपाशी नम्रपणे थांबणारी तांबडी पेन्सिल साहित्यसेवेला प्रवृत्त होते, ग्रामीण कथेतल्या गाडीवानाच्या ‘म्या न्हाई बगितलं’चे ‘मी पाहिले नाही’ होते, आणि बैलांनाही परका वाटावा असा तो इसम सदाशिव पेठेतील प्राध्यापकाप्रमाणे बोलत बाजाराला जातो. आजोबा मात्र चहा पीतच राहतात, कारण इतक्या सुधारणा केल्यावर कथानक वाचण्यास फुरसत कोणाला? अशा उभयचर विद्वानापेक्षा आमचे कोपऱ्यातले गृहस्थ शतपटींनी बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सबब, ज्यांचे बाड तयार असेल त्यांनी ते प्रथम एखाद्या निष्ठुर संपादकाच्या स्वाधीन करावे, मगच छापखान्याची पायरी चढावी. आणि ऋणनिर्देशात मुद्रितशोधकाचे नाव घालण्याचे औदार्य दाखवायचे असल्यास त्या पानाचे मुद्रितही त्यांनाच तपासू द्यावे.