हिमनाशक महाशयांस पोलादपुराहून विनंतीअर्ज

मुक्काम पोलादपूर, जिल्हा रायगड.
१ ऑगस्ट २०२५. पंचांगाप्रमाणे शके १९४७, श्रावण शुद्ध अष्टमी. भारत सरकारच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे श्रावण १०. रायगडाच्या हिशेबाने राज्याभिषेक शक ३५२. आणि महसूल खात्याच्या लेखी नववर्षाचा पहिला दिवस.

रा. रा. संशोधक महाशय यांसी सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

आपण मनुष्यजातीच्या कल्याणार्थ तीन शोध सिद्ध केल्याची वार्ता आमच्या कानी आली आहे : स्वतःच्याच बुद्धीने भेटीगाठींच्या वेळा ठरविणारी आणि एक काम लांबले असता उरलेली सारी कामे न कुरकुरता पुढे ढकलणारी दिनदर्शिका, कचेरीतील इसम किती वेळ काम करतो आणि किती वेळ काम करीत असल्याचा देखावा करतो याची बारीक नोंद ठेवणारे यंत्र, आणि रस्त्यावर गोठलेले बर्फ वितळवून वाहतूक निर्वेध करणारी नानाविध द्रव्ये व उपकरणे. सावित्रीच्या खोऱ्यात या तिन्हींची गरज कितपत आहे याची चौकशी न करताच आपण आपला माल बाजारात आणिला असल्यामुळे, ती चौकशी आम्हीच करून तिचा अहवाल आपल्या चरणी रुजू करावा, एवढ्याच हेतूने हे पत्र लखोट्यात न घालता उघडे पाठवीत आहो.

प्रथम दिनदर्शिकेविषयी. माथ्यावरची तारीख आपण लक्षपूर्वक वाचली असेल तर आमच्याकडे दिवसांची टंचाई नसून सुबत्ता आहे, हे आपल्या ध्यानी आलेच असेल. देशभरच्या पंचांगांतील मतभेद मिटविण्यासाठी १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली, तिने सुचविलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून अमलात आली, आणि पूर्वीच्या पंचांगांत आणखी एकाची भर पडली. सरकारी जमाखर्चाचे वर्ष एप्रिलात उघडते, शाळेचे जूनात, महसुलाचे आज, व्यापाऱ्याचे दिवाळीच्या पाडव्यास, आणि शेतकऱ्याचे मृगाच्या पहिल्या सरीस. तरणा पाऊस कधी लागतो आणि म्हातारा कधी संपतो हे ज्यास ठाऊक, त्यास पेरणी-लावणीचे वेळापत्रक कोणी मनगटावर बांधून द्यावे लागत नाही. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक आमच्या शेजारच्या रायगडावर शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, म्हणजे ६ जून १६७४ रोजी झाला, आणि राजा एक, सिंहासन एक, सोहळा एक असूनही त्याचे स्मरण गडावर दरसाल दोन वेळा होते, एकदा तारखेने आणि एकदा तिथीने. साडेतीनशेव्या वर्षी, २०२३ साली, या दोहोंत चारच दिवसांचे अंतर होते. पुढील वर्षी ज्येष्ठ अधिक असल्याने तिथीचा सोहळा जूनच्या अखेरीपर्यंत सरकेल. आपली चतुर दिनदर्शिका यास दुबार नोंद समजून एक दिवस परस्पर खारीज करील अशी आम्हांस साधार भीती वाटते. तसे करण्यापूर्वी तिने गडाच्या पायथ्याशी पाचाडास येऊन दोन्ही पक्षांच्या स्वयंसेवकांशी समक्ष चर्चा करावी. तेरा महिन्यांच्या वर्षात आपले यंत्र काय करते, हेही कळवावे. आम्ही अशा महिन्यात मंगलकार्ये टाळतो आणि जावयास तेहतीस अनारसे देतो, आणि आजवर कोणाची तक्रार आलेली नाही.

परंतु थट्टा सोडून सांगतो, कालगणनेचे एक शास्त्र महाडच्या बाजारपेठेत आपल्यापूर्वीच मुरलेले आहे. बाणकोटच्या मुखातून शिरलेली भरती सावित्रीच्या खाडीतून थेट दासगाव-महाडपर्यंत चढते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिला उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग असतो. म्हणून घाटावर पाऊस कोसळू लागला म्हणजे महाडचा जाणता दुकानदार आभाळाकडे पाहतो तसा तिथीकडेही पाहतो, कारण वरून उतरणारा लोंढा आणि खालून चढणारे पाणी यांची गाठ पडली की नदी उतरायचे विसरते आणि पेठेत मुक्कामास येते. २०२१ च्या जुलैत गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर आली असता महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला; त्याच २२ तारखेस महाड तालुक्यातील तळीये गावावर डोंगर उतरला आणि ऐंशीहून अधिक माणसे त्याखाली गेली; महाडची पेठ पाण्याखाली गेली. त्या रात्री वीज नव्हती आणि फोनला रेंज नव्हती. आपली दिनदर्शिका त्या रात्री आमच्या खिशात असती, तर दुसऱ्या दिवशीच्या सभेची वेळ बदलावी किंवा कसे, एवढाच प्रश्न तिने विचारला असता, आणि तोही वीज असती तर.

कार्यक्षमतेच्या यंत्राकडे किंचित उशिराने वळतो, कारण हे लिहीत असता पावणेदहा वाजावयाचे आहेत आणि तत्पूर्वी कचेरी उघडत नाही. मधल्या वेळात बर्फाचा विषय उरकून घेऊ.

आमच्या पंचक्रोशीत बर्फ पडत नाही, असे म्हणून आपली बोळवण करणे सोपे होते. परंतु चौकशीअंती निराळेच आढळले. पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून चाळीसएक किलोमीटरवर महाबळेश्वर लागते, आणि तेथे वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात थंडीच्या दिवसांत एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात. मोटारींच्या टपांवर आणि बोटी लावण्याच्या फळ्यांवर पांढरा थर चढतो, वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येतात, प्रवासी बोटाने तो खरवडून घेतात, आणि ऊन वर येण्याच्या आत सारा कारभार आटोपतो. तो वितळविण्यासाठी आपले द्रव्य पाठविलेच, तर ते पोचेपर्यंत नुसते मळभही उरणार नाही. तरीही आपल्या विद्येविषयी आमच्या मनात आदर आहे. साध्या मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली उतरतो, आणि मिठाचे प्रमाण योग्य राखले तर ते द्रावण शून्याखाली एकवीस अंशांपर्यंत गोठत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन प्रांती चीज बनविल्यावर उरलेले खारे पाणी रस्त्यांवर शिंपडतात. नेब्रास्कात एका पुलाचे काँक्रीटच असे कालविले आहे की त्यातून वीज सोडली म्हणजे पूल तापतो. मिशिगनमधील हॉलंड नावाच्या नगरात वीजकेंद्राची वाया जाणारी उष्णता पदपथांखालच्या नळ्यांतून फिरवून पादचाऱ्यांचे पाय कोरडे ठेवतात. पाय घसरू नये म्हणून एवढी तपश्चर्या करणाऱ्या समाजापुढे मान आपोआप लवते. आमच्याकडे पाय घसरल्यास तो पाहून ठेवावयास हवा होता, असे म्हणतात.

मात्र मिठाच्या बाबतीत आपण कोकणात जपून बोलावे. ज्या प्रांताच्या मिठाला शेजारच्या बारदेशाच्या स्वस्त मिठाने मारू नये म्हणून शिवाजीमहाराजांनी १६७१ साली कुडाळच्या सुभेदारास जकात वाढविण्याची आज्ञा लिहिली, आणि ज्या प्रांताच्या खाडीकाठच्या कुळांनी पिढ्यान् पिढ्या बांध घालून, उघाड्या बसवून, खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून हाडे झिजविली, त्या प्रांतात कोणी परदेशस्थ गृहस्थ ट्रक भरभरून मीठ आणून रस्त्यावर ओतू लागले तर त्यांची गाठ प्रथम शेतकऱ्याशी पडेल आणि मग पुलांच्या लोखंडाशी, कारण मिठाने लोखंड सडते हे आपल्याच देशातील पुलांनी आपणांस दाखवून दिलेले आहे. आमच्या घाटरस्त्यांवर जे येऊन बसते ते पांढरे नसून तांबडे असते, थंडीत न येता आषाढात येते, आणि वितळत नाही. वरंधचा घाट पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकुमाने वाहतुकीस बंद होतो. आंबेनळीत दरड आली म्हणजे पोकलेन येईपर्यंत प्रतापगडाकडची गावे आपापल्या जागी बसून राहतात. आपल्या शोधपत्रात जेथे जेथे ‘हिम’ आहे तेथे तेथे ‘दरड’ घालून ते चालते काय, एवढे तपासून पाहिल्यास या तालुक्याची कायमची सोय होईल.

आता पावणेदहा वाजून गेले. राज्य सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला, आणि सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा ही वेळ मुक्रर झाली. वर्धापनदिन चार वर्षांतून एकदाच यावा अशा तारखेची निवड करणाऱ्या कारकुनाच्या कार्यक्षमतेविषयी शंका घेण्यास आम्ही धजत नाही. आपल्या शास्त्राचा एक मोठा ग्रंथ, वीस दशकांचा आणि दोनशे समासांचा, याच महाड तालुक्यातील शिवथरघळीत समर्थांनी सांगितला असे परंपरा मानते. आळसाची निर्भर्त्सना आणि प्रयत्नाची थोरवी त्यात पानोपानी आहे, आणि साडेतीन शतके तो घरोघरी वाचला जात आहे. तेव्हा उपदेशाचा तुटवडा हे आमच्या विलंबाचे कारण दिसत नाही. यंत्राचाही तुटवडा नाही : पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर करावी म्हणून २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, आणि पोलादपूरच्या डोंगराळ वाड्यांतला शेतकरी आपल्या भाताचे छायाचित्र हाती धरून रेंज शोधीत टेकडी चढू लागला. त्यात तलाठ्याची खेप वाचली, हे आम्ही अमान्य करीत नाही.

कागदावर झालेले काम आणि झालेले काम यांच्यातील अंतर किती असते, हे मोजण्यास महाडएवढे प्रशस्त स्थळ नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ साली केला. दफ्तरी काम पुरे झाले. तळ्याचे पाणी मात्र अस्पृश्य गणलेल्या माणसांच्या ओंजळीस २० मार्च १९२७ रोजी लागले, जेव्हा बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो जण रांगेने चालत काठावर गेले. आणि त्या ओंजळीवरचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघावयास १९३७ चा मार्च उजाडला. आपल्या यंत्राने १९२४ सालीच या कामापुढे बरोबरची खूण केली असती.

आणि याच्या उलट जे झाले, तेही आपणांपासून लपवून ठेवू नये. उद्या त्यास नऊ वर्षे होतील : २ ऑगस्ट २०१६, आषाढ अमावास्येची रात्र, सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात गेला, आणि त्यासोबत दोन एस.टी. गाड्या व इतर वाहने माणसांसकट गेली. पाठीमागून येणारी वाहने थांबविणारी यंत्रणा त्या स्थळी एकच होती. शेजारच्या गॅरेजातला एक माणूस रस्त्यावर धावत येऊन हात हलवीत होता. त्यानंतर नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी खुला झाला. हा पूल ज्यावर आहे त्या मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण पनवेलकडून २०११ साली सुरू झाले आहे आणि आजमितीस अपुरे आहे. खाते तेच, दगड तेच, पाऊस तोच, आणि दिनदर्शिकाही तीच. मग एका कामास १६५ दिवस आणि दुसऱ्यास चौदा वर्षे का लागावी, याचे उत्तर ज्या यंत्रातून निघेल ते यंत्र आम्ही मागाल त्या किमतीस घेऊ. आमचा स्वतःचा तर्क असा की येथे काम मुदतीने होत नाही, लाजेने होते, आणि लाज वाटावयास दरवेळी नदीने माणसे न्यावी लागतात. यावर आपण काही द्रव्य शोधून काढले असल्यास बर्फाचा प्रश्न मागाहून पाहता येईल.

कोकणात न सरकणारी मुदत एकच आहे, आणि ती या महिन्याच्या २७ तारखेस येते. गणपतीपूर्वी खड्डे बुजवू, असे आश्वासन दरसाल येते आणि खडी-डांबराचे ट्रक खरोखरच रस्त्यावर दिसू लागतात. कशेडीचा एक बोगदाही २०२३ साली गणपतीच्याच निमित्ताने एकेरी वाहतुकीस उघडला. मुंबईचे चाकरमानी लाखांनी निघाले म्हणजे प्रशासनास जी जाग येते, ती आपल्या कोणत्याही गजराने येणार नाही. म्हणून विनंती, की आपण तिन्ही यंत्रे घेऊन चतुर्थीच्या आदल्या रात्री पनवेलहून निघावे, आपल्या दिनदर्शिकेने पोलादपूरला पोचण्याची जी वेळ सांगितली असेल ती एका कागदावर लिहून आमच्याकडे आगाऊ पाठवावी, आणि मग यावे. मोदक ठेवलेले असतील. लोभ असावा ही विनंती.

आपला,
सावित्रीकाठचा एक करदाता

ता. क. : हिमनाशक द्रव्याची चाचणी घेण्यास बर्फ लागेल, त्याची चिंता नसावी. पहाटे महामार्गावरून मासळीचे टेंपो जातात आणि खड्ड्यात आदळले की त्यांतून बर्फाचे तुकडे रस्त्यावर पडतात. ते आपले आपणच वितळतात, तेव्हा प्रयोग त्वरेने उरकावा, आणि टेंपोच्या फार जवळ उभे राहू नये.