पाहुणचार यजमानांच्या खर्चाने नव्हे

इंग्लंडच्या रग्बी लीगला दूरच्या शहरांचं वावडं आहे, हा आरोप अन्यायाचा आहे. दूरची शहरं हवीच आहेत; फक्त तिकिटाचे पैसे त्यांनी भरावेत. १८९५ साली हडर्सफील्डच्या एका हॉटेलात हा खेळ वेगळा निघाला, तो सामन्यापायी बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी म्हणून. त्याच घराण्याने २०१७ मध्ये टोरांटो वुल्फपॅकला तिसऱ्या श्रेणीत घेतलं, ते पाहुण्या संघांच्या विमानाचं आणि मुक्कामाचं बिल त्यांनीच उचलायच्या बोलीवर. संघ तीन हंगामांत वर चढला. २०२० मध्ये सुपर लीगमध्ये पोचल्यावर टीव्हीच्या पैशांतला वाटा मात्र शून्य. मग कोरोना आला, टोरांटोने अंग काढून घेतलं आणि निष्कर्ष तयारच होता: बघा, लांबचं जमत नाही!

यावर कोणी म्हणेल, खेळाडूंचे पगार तर टोरांटोनेच थकवले. खरं आहे, मालकाची त्यातून सुटका नाही. पण सगळा डोलारा एका मालकाच्या खिशावर उभा करणारे नियम कोणाचे? पाहुणे प्रेक्षक येत नाहीत, हीसुद्धा तक्रार रास्त. वेकफील्डहून अटलांटिक ओलांडून बिअर प्यायला कितीजण जाणार? पण पेर्पिन्याँही काही लीड्सच्या वेशीवर नाही. तिथल्या कॅटलन्स ड्रॅगन्सना २००६ मध्ये घेतलं, जम बसायला वेळ दिला, आणि २०१८ मध्ये वेम्बलीवर वॉरिंग्टनला हरवून त्यांनी चॅलेंज कप फ्रान्सला नेला. त्यांना मात्र कोणी नकाशा दाखवला नाही.