ग्लायसीनचं कितव्यांदा बारसं?

काय हो हे! चेन्नईतली चांगली शिकलेली, एमएस्सी फिजिक्स झालेली मुलं ऐन मे महिन्यात पंखा बंद करून बसतात. का, तर बीकरमधल्या द्रावणाला वारा लागू नये! वर भोकं पाडलेला कागद, आत संपृक्त द्रावण, आणि आठवडेच्या आठवडे कुणी हात लावायचा नाही. स्फटिक धरतोय म्हणे.

ही खोड लावली अण्णा विद्यापीठाने. १९८२ साली प्रा. पी. रामसामींनी तिथे स्फटिकवाढीचं स्वतंत्र केंद्रच उघडलं. पुढे २००५ मध्ये त्यांनी आणि के. शंकरनारायणन यांनी काचनळीच्या तळाशी बीज-स्फटिक ठेवून, वरच्या बाजूला कडं तापवून, बेन्झोफेनोनचा स्फटिक हव्या त्या एकाच दिशेने वाढवून दाखवला. दोघांच्या नावांवरून ‘एसआर पद्धत’ म्हणतात तिला. मग काय, तमिळनाडूतल्या कॉलेजाकॉलेजांत नळ्या उभ्या राहिल्या. आणि परीक्षा काय छानदार! डोळ्यांना न दिसणारा १०६४ नॅनोमीटरचा लेसर मारायचा, ५३२ चा हिरवागार उजेड आला की पास. केडीपी या मापाच्या स्फटिकाच्या किती पट हिरवा, यावर पेपर.

आता खरी भानगड ऐका. ग्लायसीन हे एक साधं अमिनो आम्ल; नुसत्या पाण्यातून ते बहुधा अल्फा रूपात बाहेर पडतं. त्याची रचना इतकी सममित की हिरवं काही दिसायलाच नको. पाण्यात एखादा क्षार टाका, गॅमा रूप येतं आणि ते चमकतं! मग क्षारही स्फटिकात शिरला असं धरून त्याच जुन्या ग्लायसीनचं नव्या नावाने बारसं. पेढे, पेपर, पीएचडी. क्षार बदलला की पुन्हा बारसं.

आणि हे चव्हाट्यावर आणलं कुणी? गोवा विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ बी. आर. श्रीनिवासन यांनी. ‘तुमचं हे संयुग मुळात नाहीच’ अशा टिपणांचा त्यांनी जर्नलांतून सपाटा लावला. व्हिएन्नाचे फ्लेक आणि आर्मेनियाचे पेट्रोस्यान यांनीही २०१० मध्ये अमिनो आम्लांच्या क्षारांचा हाच गोंधळ मांडला. क्ष-किरणांनी रचना-तपासणी नीट केली असती तरी अब्रू वाचली असती. पण घाई कुणाला नव्हती?

तिकडे स्फटिकांनी ताळच सोडलाय. २०१२ मध्ये कोलकात्याच्या आयसरमधल्या मल्ला रेड्डींच्या गटाने कॅफीनवाला एक स्फटिक कडं होईपर्यंत वाकवला. सोडल्यावर पठ्ठ्या पुन्हा सरळ! हैदराबाद विद्यापीठात राजादुराई चंद्रशेखर तर अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या (एएफएम) सुईने केसाहून बारीक स्फटिक वाकवतात, कापतात, उचलून दुसऱ्याला भिडवतात. एका टोकाला लेसर टेकवला की स्फटिकाची काडी चमकते आणि उजेड वळण घेत दुसऱ्या टोकाला निघतो. त्यातून उजेडावर चालणारी सर्किटं करायची आहेत म्हणे. नळीतला स्फटिक सरळ वाढावा म्हणून ज्यांनी घामाघूम होऊन पंखे बंद ठेवले, त्यांच्यासमोर मात्र हा विषय काढू नका!